'रिकामीच होती'

बंदुकीच्या अपघातानंतर एक वाक्य हमखास कानी पडते: 'रिकामीच होती, असे वाटले.' बोलणारा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटलेले असते. प्रश्न एवढाच, की या प्रामाणिक वाटण्याने तो दोषमुक्त होतो काय?

पवित्र शास्त्रात दोन दाखले आहेत. अनुवादाच्या १९व्या अध्यायातील माणूस रानात लाकूड तोडतो, कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि सोबती मरतो. त्याच्यासाठी आश्रयनगर आहे. निर्गमाच्या २१व्या अध्यायातील बैल मात्र मारका. मालकाला तशी ताकीद मिळालेली असूनही त्याने तो आवरला नाही. बैलाने माणूस मारला, तर मालकालाही देहान्त. जीव घेण्याचा हेतू दोघांचाही नव्हता. फरक आहे तो ताकिदीचा. बंदूक ही मारण्यासाठीच घडवलेली वस्तू. ती घरात आणणाऱ्याला ताकीद आधीच मिळालेली असते. त्याला कुऱ्हाडीचा दाखला घेता येणार नाही, असे मला वाटते. ख्रिस्तसभेचा १९९२चा धर्मशिक्षणग्रंथही (क्र. २२६९) पुरेशा कारणावाचून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला, हेतू नव्हता म्हणून, गंभीर अपराधातून सोडत नाही.

देशाच्या कायद्यानेही हयगय आता अधिक गंभीर मानली आहे. हयगयीने मृत्यू घडवल्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत झाली. वरातीत हर्षभराने हवेत बार काढणे तर २०१९पासून स्वतंत्र गुन्हा आहे. (वर गेलेली गोळी वरच राहते, असे या वऱ्हाड्यांना वाटते की काय, कोण जाणे!)

नेमबाजांचे साधे नियम मला म्हणूनच पाचव्या आज्ञेच्या विवरणासारखे वाटतात. प्रत्येक बंदूक भरलेली समजावी. दुसऱ्याच्या हाती देताना आणि दुसऱ्याकडून घेताना, दोन्ही वेळा उघडून पाहावी. नळी थट्टेतही माणसाकडे वळवू नये. नेम धरून बार काढण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर नसावे. घरात बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या. यांतील पहिला नियम सर्वांत कठीण, कारण तो स्वतःच्या खात्रीवरच अविश्वास ठेवायला सांगतो. काल संध्याकाळी मीच काडतूस काढले होते, ही माझी आठवणदेखील चुकू शकते, हे मान्य करायला नम्रता लागते.

शेवटचा नियम आपल्या बारामती-इंदापूरच्या शिवारात विशेष लक्षात घ्यावा: लक्ष्य नीट ओळखावे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हेही जाणावे. सुप्याच्या माळावर, चिंकारांच्या त्या अभयारण्याच्या परिसरात, नजर दूरवर पोहोचते. उसात ती दोन हातांपलीकडे जात नाही. पिकात रानडुकरे शिरली, वन खात्याची परवानगीही रीतसर मिळाली, तरी रात्री सळसळणारे पाते कोणी हलवले? वीज रात्रीची असली, की पाणी द्यायला शेजारचा माणूस त्याच वेळी सरीत उभा असतो. आणि तोडीचा हंगाम असेल, तर फडाच्या त्या अंगाला ऊसतोड्यांच्या कोप्या असतात. त्यांच्या भिंती पाचटाच्या, आणि आत मुले निजलेली असतात.