फुटलेला आवाज

जून महिन्यात शाळेच्या गायकवृंदासाठी निवडलेल्या आठवीतील एका मुलाचा आवाज नाताळाच्या तोंडावर फुटला. वरच्या पट्टीत सर्वांपुढे असणारा तो आता मध्येच चिरकू लागला. बाईंनी त्याच्याकडे गाण्यांच्या वह्या वाटण्याचे काम दिले; मीही गप्प राहिलो. गायन निर्दोष व्हावे, हा हेतू वाईट नव्हता. परंतु जो स्वर देवाला अर्पण करायचा, तो देणाऱ्या मुलालाच दूर सारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमधून हायडनलाही १७४९च्या सुमारास, आवाज फुटल्यावर बाहेर पडावे लागले. पुढे तो थोर संगीतकार झाला. म्हणून त्या दिवसाचे दुःख खोटे ठरत नाही. ईस्टरच्या सरावाला मी त्या मुलाला खालच्या पट्टीत गाण्यासाठी बोलावणे धाडले. तो आला नाही.