वेलीचा धडा कोणासाठी?

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातली ख्रिस्ती कुटुंबं विखुरलेली आहेत. कोणी रेल्वेच्या नोकरीमुळे इथे आलं, कोणी खोपोली-रसायनीच्या कारखान्यांमुळे. अलीकडे मुंबईत घर परवडत नाही म्हणून नेरळ-कर्जतला ब्लॉक घेणारेही आहेत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. आणि त्यातला मोठा भाग मुंबई, वसई, पुण्याकडे. कर्जत तालुक्यातल्या माथेरानला साहेबांच्या काळातली चर्चं आहेत, पण ती हवा खायला येणाऱ्यांसाठी उभी राहिली होती. इथल्या शाळेत ख्रिस्ती मूल बहुधा वर्गात एकटं असतं. आरतीच्या वेळी हात कुठे ठेवायचे हा प्रश्न त्याला पहिलीतच पडतो.

अशा मुलाला रविवारी संडे स्कूलमध्ये हमखास एक धडा मिळतो: योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. येशू द्राक्षवेल, आपण फाटे, त्याच्यात राहिलो तर फळ. शिकवणाऱ्या ताई उत्साही असतात. हिरव्या कागदाची वेल भिंतीवर चढते, प्रत्येक पानावर एकेका मुलाचं नाव येतं. मग झाडाची तोडलेली फांदी दाखवतात आणि विचारतात, हिचं काय होईल? मुलं सुरात सांगतात, सुकेल. पुढचं वाक्य ठरलेलं: म्हणून रोज प्रार्थना करा, रोज वचन वाचा, रविवार चुकवू नका. एका सुंदर अध्यायाचा शेवट हजेरीपटात होतो.

माझी तक्रार ताईंबद्दल नाही. त्या आठवडाभर नोकरी करून, घर सांभाळून, बिनपगारी हे काम करतात. तक्रार आहे ती आपण सगळे हा अध्याय ज्या पद्धतीने वाचतो तिच्याबद्दल. तो मुलांना सांगितलेलाच नाही. शेवटचं भोजन झालेलं आहे, यहूदा बाहेर पडलेला आहे, आणि उरलेल्या अकरा प्रौढ माणसांना येशू हे सांगतो आहे. माझ्यात राहा असं ज्यांना सांगितलं ती माणसं त्याच रात्री पांगली. पेत्राने कोंबडा आरवायच्या आत त्याला तीनदा नाकारलं. आपण याच्यात पक्के आहोत अशी ज्यांची समजूत होती त्यांच्यासाठी हे बोलणं होतं. सुकलेले फाटे गोळा करून जाळतात हे वाक्यही त्यांच्यासाठीच. तेच वाक्य आठ वर्षांच्या मुलाला ऐकवलं की त्याला एवढंच कळतं की रविवार चुकला तर आग आहे.

मुलांशी येशू कसा वागला ते मार्काच्या दहाव्या अध्यायात आहे. लोक मुलांना घेऊन येतात, शिष्य त्यांना दटावतात, येशू रागावतो. रागावतो शिष्यांवर, हे लक्षात घ्यायला हवं. मग तो मुलांना उचलून घेतो, त्यांच्यावर हात ठेवतो, आशीर्वाद देतो. तिथे धडा नाही, पाठांतर नाही, पुढच्या आठवड्याचा गृहपाठ नाही. अटी घालायची हौस शिष्यांना होती.

आणि द्राक्षवेलच घ्यायची तर नाशिकच्या एखाद्या बागाईतदाराला विचारावं. आपल्या भागात इतका पाऊस पडतो की द्राक्षाची बाग कोणी लावत नाही, त्यामुळे संडे स्कूलमधली वेल कागदाचीच राहते. नाशिककडे नवी बाग लावली की पहिल्या वर्षी कोणी घड मागत नाही. आधी खोड बांधायचं, मग दोन्ही बाजूंना ओलांडे तयार करायचे, वेल मांडवावर नीट चढवायची. फळाची घाई केली तर वेल कायमची अशक्त राहते. पुढे दरवर्षी दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. छाटायचं काय आणि ठेवायचं काय हे बागाईतदार ठरवतो. योहानाच्या अध्यायातही माळी पिता आहे. एका फाट्याने दुसऱ्याला छाटावं असं तिथे कुठेही नाही. आपण मात्र नाताळच्या कार्यक्रमात मुलाला स्टेजवर उभं करून साक्ष द्यायला लावतो. म्हणजे पहिल्याच वर्षी घड मागतो. वर चूक काढायची कात्रीही आपल्याच हातात ठेवतो.

मुलाला विश्वासाबद्दल काय सांगायचं, किती सांगायचं आणि ते कोणी ठरवायचं, हा वाद मराठी ख्रिस्ती समाजात नवा नाही. त्याचं सर्वात धारदार उदाहरण पंडिता रमाबाईंचं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, लहानग्या मनोरमासह. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. आपल्या या हुशार लेकीने चर्चची सगळी मतं निमूट स्वीकारावीत अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना तेव्हा पटलेला नव्हता, आणि एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती जाण्याची त्यांची तयारी नव्हती. मनोरमा शिक्षणासाठी वाँटेजला असताना हा वाद मुलीपर्यंत पोचला. जे आईलाच पटलेलं नाही ते मुलीच्या डोक्यात भरू नये, असा रमाबाईंचा आग्रह. मूल आपल्या हवाली आहे तर त्याला पुरा धर्म शिकवणं हे आपलं कर्तव्य, असं सिस्टरांचं म्हणणं. दोघींचंही त्या मुलीवर निस्सीम प्रेम होतं, म्हणून तर त्या पत्रव्यवहाराला इतकी धार आहे.

त्या वादात मी रमाबाईंच्या बाजूचा आहे, पण त्याचं कारण त्यांचे सिद्धान्त बरोबर होते हे नाही. पुढे ते त्यांनी स्वतःच बदलले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलेला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडायचा होता. हे कोण लिहितं आहे? संस्कृत कोळून प्यालेली, हिब्रू-ग्रीक शिकलेली, पुढे अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करणारी बाई. तिला आठ वर्षं लागली. आपण पाचव्या इयत्तेतल्या मुलाकडून उन्हाळी सुट्टीतल्या पाच दिवसांच्या बायबल शाळेत, म्हणजे व्हीबीएसमध्ये, ख्रिस्त स्वीकारण्याचा निर्णय मागतो, वर निर्णय घेतलेल्यांची संख्या अहवालात लिहितो. रमाबाईंना जो वेळ मिळाला तो मुलीलाही मिळावा, एवढंच त्या मागत होत्या.

रमाबाईंनी काढलेल्या शारदा सदन या शाळेची गोष्ट याच वळणाची आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ते सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली आपणहून येऊन बसत. यावरून गहजब झाला, 'केसरी'ने टीका केली, १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी नव्हती. बऱ्याच मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. पण सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, गोदूबाई, हिंदूच राहिली. १८९३ सालीच धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून ती आनंदीबाई झाली, बाया कर्वे म्हणून महाराष्ट्राला माहीत झाली. दार उघडं ठेवलं की आत येणारा येतो, न येणारा येत नाही. रमाबाईंनी स्वतःची प्रार्थना लपवली नाही आणि कोणाला आत ओढलंही नाही. या दोन्हींतली एकच गोष्ट करणं सोपं असतं.

इथे एक सरळ मुद्दा मांडायलाच हवा, कारण कर्जत-खालापुरात ठाकर-कातकरी वाड्या आहेत आणि मुलांच्या धर्मशिक्षणाचा विषय निघाला की संशय लगेच तिकडे वळतो. दुसऱ्याच्या मुलाला शाळेत वा वसतिगृहात येशूबद्दल शिकवणं आणि आपल्या मुलाला घरी शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संविधानाचं अठ्ठाविसावं कलम सांगतं की राज्याची मान्यता वा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते. हा नियम सगळ्यांना सारखा आहे, शाळेतल्या सरस्वतीवंदनालाही. ख्रिस्ती माणसाला त्याचं ओझं वाटायचं कारण नाही. भुकेल्या मुलाला भाकरीबरोबर धर्म देणं हे मार्काच्या त्या अध्यायाशीही जुळत नाही. आशीर्वाद देण्याआधी येशूने मुलांच्या आईबापांना कुठलीही अट घातलेली नाही. मी जे म्हणतो आहे ते आपल्या मुलांबद्दल.

मग शिकवायचंच नाही का? शिकवायचं, आणि पाठही करून घ्यायचं. पाठांतराला हसायची फॅशन मला मान्य नाही. रमाबाईंच्या आईवडिलांनी त्यांच्याकडून भागवत पाठ करून घेतलं होतं. भाषेची ती श्रीमंती नंतर बायबलच्या भाषांतरात उतरली. मुलाच्या तोंडी काय बसतं ते महत्त्वाचं. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्म्यानंतर अभंग आणि कीर्तन सोडलं नाही, उलट मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्या भाषेत गायला शिकवलं. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ साली 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक काढलं होतं. एवढा वारसा असून आज आपली मुलं यूट्यूबवरच्या इंग्रजी गाण्यांवर हातवारे करतात, आणि धड्याच्या पुस्तकातल्या मुलाच्या घराबाहेर बर्फ पडलेला असतो. ते मूल भाताच्या खाचरात कधी उतरलेलं नाही. आपल्या मुलाला मग वाटतं, येशू इंग्रजी बोलतो आणि लांब राहतो.

टिळकांच्या घराची आणखी एक बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे, आणि पालकांनी ती वाचायला हवी. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. त्यांचा मुलगा दत्तू त्या फाटाफुटीत वाढला, बाप एका धर्मात, आई दुसऱ्यात. लक्ष्मीबाई आपल्या पायांनी, आपल्या वेगाने १९०० साली बाप्तिस्म्यापर्यंत आल्या. त्या मधल्या वर्षांत मुलाने जे पाहिलं ते कुठल्याही धड्यात बसणारं नव्हतं: माणसं एकमेकांना न सोडता, चिडत, रडत, थांबत कशी राहतात.

दहावीनंतर आपली मुलं जातात. कोणी पहाटेच्या कर्जत लोकलने कल्याण-ठाण्याच्या कॉलेजात, कोणी पुण्याच्या होस्टेलवर, कोणी नर्सिंग शिकायला मिरजेला. मंडळीत हळहळ सुरू होते की मूल तुटलं. भातशेतीच्या तालुक्यात राहून आपल्याला हे कळू नये याचं मला नवल वाटतं. राब भाजून पेरलेलं रोप तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की ते उपटावंच लागतं. मुठी बांधतात, चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. काही दिवस ते पिवळं पडतं, आडवं होतं, नंतर जीव धरतं. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेलं 'कर्जत-३' असो की आजोबांच्या वेळचं गावठी वाण, रोपवाटिकेतच ठेवलेल्या भाताला ओंबी धड येत नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी चर्चला न जाणारा मुलगा म्हणजे सुकलेला फाटा, हा निकाल देण्याची घाई कशाला? त्या काळात त्याला फोन कोण करतं, तो न बोलावता घरी आला तर त्याची उलटतपासणी होते की त्याला जेवायला वाढलं जातं, यावर पुष्कळ अवलंबून आहे. माझा अनुभव असा की मंडळीत परतणाऱ्या तरुणांना पाळकांची प्रवचनं फारशी आठवत नाहीत. त्यांना आठवते ती पहाटे उठून प्रार्थना करणारी आजी, जिने त्यांना कधी बळेच उठवलं नाही.

राहिला आरतीसारखाच आणखी एक प्रश्न, प्रसादाचा. खालापूर तालुक्यातच महडचा वरदविनायक आहे; माघी गणेशोत्सवात शेजारीपाजारी तिथला प्रसाद घेऊन येतात. मूल विचारतं, खाऊ का? बऱ्याच घरांत उत्तर येतं, छी, आपल्याला चालत नाही. पहिल्या शतकात करिंथच्या मंडळीला हाच प्रश्न पडला होता आणि पौलाने त्यावर पुष्कळ लिहिलं आहे. मूर्ती काहीच नाही हे त्याला ठाऊक आहे. कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा, असं तो म्हणतो. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलंच, तर सांगणाऱ्याच्या विवेकाखातर खाऊ नका. म्हणजे न खाणाऱ्या घराला आधार आहे. पण त्यामागचं कारण दुसऱ्याच्या मनाचा विचार हे आहे. किळस किंवा तुच्छता याला पौलाकडे जागा नाही. हात जोडून 'काकू, आमच्याकडे नाही घेत' म्हणणारं मूल आणि नाक मुरडणारं मूल, दोघंही घरात पाहिलेलंच करत असतात. हे सगळं मुलाला समजेल असं सांगायचं तर आईबापांनी करिंथकरांस पहिलं पत्र आधी स्वतः उघडायला हवं, आणि बहुतेक घरांत बायबल रविवारच्या बॅगेतून सोमवारी बाहेर निघत नाही.