‘माहीत आहे’ आणि ‘वाटते’



‘चर्चची चावी कुठे आहे हे मला माहीत आहे,’ असे आपण सहज म्हणतो. यातला ‘कुठे’ हा प्रश्न ‘माहीत आहे’च्या पोटात जातो आणि बोलणाऱ्याजवळ त्याचे उत्तर आहे, असा अर्थ होतो. आता ‘माहीत आहे’ऐवजी ‘वाटते’ घालून पाहा: ‘चावी कुठे आहे असे मला वाटते.’ वाक्य जमत नाही. ‘चावी कपाटात आहे असे मला वाटते,’ हे मात्र जमते. माहीत असणे, कळणे, आठवणे ही क्रियापदे प्रश्नाचे खरे उत्तर जवळ बाळगतात. ‘वाटणे’जवळ असते फक्त आपले मत. इंग्रजीतल्या ‘नो’ आणि ‘बिलीव्ह’मध्येही हाच फरक आहे. झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने १९७२ साली ‘रेस कॉजिटान्स’ या ग्रंथात त्यावर बोट ठेवले होते.

हा फरक आपण रोज विसरतो. ‘ते लग्न का मोडले, मला माहीत आहे!’ एवढे बोलून एखादा गप्प बसतो. कारण त्याने सांगितलेले नसते, पण ऐकणाऱ्याच्या मनात संशय पेरला जातो. पुष्कळदा त्याला नुसते काहीतरी वाटलेले असते. तेच वाक्य ‘वाटते’ लावून पूर्ण म्हणायला सांगितले, तर जीभ अडखळेल.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझमनुसार, पुरेशा आधाराशिवाय शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा धरणे हाही अपराध आहे. आणि दोष खरोखर माहीत असला, तरी योग्य कारणावाचून तो इतरांना सांगणे हाही अपराधच.

क्रुसावरून प्रभूने केलेली क्षमेची प्रार्थना आठवा. आपण एका माणसाला खिळत आहोत, हे त्या शिपायांना माहीत होते. पण आपण काय करीत आहोत, हे त्यांना कळत नव्हते. त्या न कळण्याकडे पाहूनच प्रभूने त्यांच्यासाठी क्षमा मागितली.

दुसऱ्याने एखादी गोष्ट केली, हे आपल्याला माहीत असते. ती का केली, हे बहुधा माहीत नसते. म्हणून या आठवड्यात कुणाविषयी ‘मला माहीत आहे’ म्हणण्याआधी स्वतःला विचारू या: खरेच माहीत आहे, की नुसते वाटते?