शेवटचा शब्द कोणाचा?

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. चौथ्या अध्यायापाशी विनोबांनी 'विकर्म' या शब्दाला आपला अर्थ दिला: बाहेरच्या कर्माला लाभलेली चित्ताची जोड. ती नसेल तर कर्म कोरडे राहते. कैद्याची पुनर्विलोकन याचिका फेटाळल्यावर त्याने पुन्हा दाद मागावी का, हा प्रश्न याच शब्दाने तपासण्याजोगा आहे. निकाल अंतिम होणे आणि तो खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कायद्याने साधते. दुसरीसाठी चित्त लागते.

नाशिकजवळच्या २००३ मधील दरोडा, बलात्कार आणि खुनांचा खटला घ्या. भटक्या जमातीतले सहा जण दोषी ठरले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली; पुनर्विलोकनाचे अर्जही फेटाळले गेले. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की फाशीच्या प्रकरणातले पुनर्विलोकन नुसते कागद फिरवून उरकू नये, ते खुल्या न्यायालयात ऐकावे. बंद झालेले दार त्यामुळे उघडले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने पोलिसांकडच्या छायाचित्रांवरून दुसरीच चार माणसे ओळखली होती. त्यांचा तपास झालाच नव्हता. तिने दिलेली ही ओळख २००३ सालचीच. रीतसर कर्म प्रत्येक पायरीवर झाले होते, विकर्म सोळा वर्षांनी झाले.

यावर कोणी म्हणेल, ज्याचे भोग त्याने भोगावेत. पण कर्मसिद्धान्त स्वतःचे दुःख समजून घेण्यासाठी आहे, दुसऱ्यावर लादलेले दुःख योग्य ठरवण्यासाठी नाही. कर्माचा चोख हिशेब सर्वज्ञच मांडू शकतो. साक्षीदाराची आठवण आणि पोलिसांची घाई म्हणजे सर्वज्ञता नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खटल्याला शेवट हवा, मृताच्या घरच्यांना किती काळ ताटकळत ठेवायचे? शेवट हवाच. मात्र भलताच माणूस तुरुंगात असेल तर खरा गुन्हेगार मोकळा आहे, आणि त्या घराला मिळालेले समाधान खोटे आहे. शिवाय दाराला उंबरठा असतोच. पुनर्विलोकनही फेटाळल्यावर करता येणारी, २००२ मध्ये मान्य झालेली क्युरेटिव्ह याचिका नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा न्यायाधीशाचा पक्षपात अशा मोजक्याच कारणांवर चालते. प्रत्येक अर्ज मान्य करा, असे इथे म्हणणे नाही. तो मन लावून वाचल्याशिवाय फेटाळू नका, एवढेच आहे.

तिसरा आक्षेप धुळ्याच्या तुरुंगातूनच येतो: विनोबांसारखे सत्याग्रही तर बचावही करीत नसत, शिक्षा आनंदाने घेत. खरे आहे. पण त्यांनी कृत्य कबूल केले होते. शिक्षा हा त्यांच्या सत्याचाच भाग होता. 'हे मी केलेले नाही' म्हणणाऱ्याने गप्प बसून शिक्षा भोगली, तर तो असत्यावर सही करतो. सत्याग्रह्याने अपील न करणे आणि निरपराध्याने पुन्हापुन्हा अपील करणे, दोन्हींत आग्रह एकाच गोष्टीचा आहे.