ओट्याची उंची

गेल्या आषाढात भिवंडीजवळच्या आमच्या टेमघरच्या घरी सुतार मिस्त्री आणि नकाशे काढून देणारा एक तरुण असे दोघे स्वयंपाकघराचे मोजमाप घेण्यासाठी आले. त्यांनी लांबी ९ फूट, रुंदी ७ फूट, खिडकीपासून नळापर्यंतचे अंतर, पोटमाळ्याची खोली असा सगळा तपशील टिपून घेतला. परंतु त्या अर्ध्या तासात, जिने त्या खोलीत बावीस वर्षे दिवसाचे चार-पाच तास उभे राहून काढले ती माझी पत्नी दाराशीच उभी असता, तिची उंची किती हे विचारावे असे त्या दोघांना वाटले नाही, आणि अधिक लाजेची गोष्ट अशी की मलाही वाटले नाही.

दोन दिवसांनी रंगीत चित्रासह अंदाजपत्रक आले. हॉल आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत काढून टाकलेली, ओटा शुभ्र कृत्रिम दगडाचा, खाली ट्रॉल्या, वर चिमणी, मोरी नाहीशी झालेली. मुलाला चित्र पसंत पडले. पत्नीने ते बराच वेळ पाहिले आणि एवढेच विचारले, “पाण्याचं पिंप कुठं ठेवायचं?” शहाडला उल्हास नदीचे पाणी उचलून ते आमच्या टेमघरला शुद्ध केले जाते, आणि येथून ते ठाणे, भिवंडी, मिरा-भाईंदर अशा दूरजवळच्या घरांत पोहोचते, त्या योजनेच्या नावात शहाडच्या जोडीला आमच्या गावाचे नाव आहे. तरीही आमच्या घरात पाणी सकाळच्या ठराविक वेळी भरून ठेवण्याचा परिपाठ आहे, आणि म्हणून पिंप हा आमच्या स्वयंपाकघराचा रहिवासी आहे. चित्रात त्याला जागा नव्हती. त्या एका प्रश्नाने माझी मंजुरी तहकूब झाली, आणि पुढले तीन आठवडे मी या लहानशा खोलीचा जितका विचार केला तितका बावीस वर्षांत केला नव्हता.

स्वयंपाकघराच्या आधुनिक रचनेचा आरंभ ज्या खोलीपासून मानतात ती आमच्या खोलीहून फारशी मोठी नव्हती. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरातल्या कामगार वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले ते १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे सुमारे ७० चौरस फुटांचे होते, आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली. स्त्रीचे श्रम आणि पावले वाचावीत हा तिचा हेतू निःसंशय उदात्त होता; परंतु ती आखणी करण्यापूर्वी आपण स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता हे तिनेच पुढे सांगितले, आणि एका वेळी एकाच बाईने काम करावे अशा बेताच्या त्या खोलीत गृहिणी एकटी पडते, हा आक्षेपही मागाहून घेतला गेला. सद्हेतू असूनही जिथे राबणाऱ्या माणसाला विचारायचे राहून जाते, तिथे सुधारणा ही त्याच्यावर बजावलेल्या हुकुमासारखी होते, असे मला वाटते. आपल्या घरोघरी आज हेच चालले आहे. ओटा गवंड्याच्या सवयीच्या मापाने, चौतीस इंचांवर बसतो आणि चार फूट दहा इंचांची बाई त्यावर आयुष्यभर खांदे उचलून पोळ्या लाटते.

मी पत्नीला प्रथमच नीट विचारले, आणि तिने जे सांगितले ते कोणत्याही नकाशात नव्हते. शेजारच्या आगरी काकूंकडून ती तांदळाची भाकरी शिकली. त्या भाकरीची उकड मळताना खांद्यातून वजन खाली द्यावे लागते, म्हणून परात ठेवण्याची जागा कोपराच्या बरीच खाली हवी. शेगडी ओट्यावर ठेवली की पातेल्याचा काठ आणखी वर जातो, सबब तेथेही ओटा खालीच हवा. याउलट सिंकचा तळ ओट्याखाली खोल असतो, त्यामुळे तेथे उंची वाढवली नाही तर पाठ वाकते. म्हणजे एकाच सरळ रेषेतला गुळगुळीत ओटा, जो चित्रात इतका देखणा दिसतो, तो प्रत्यक्षात दोन्ही कामांना अपुरा. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनाही तिने विचारले. त्यांनी मोरी काढू नका असे सांगितले, कारण मोठा कुकर आणि पाण्याची घागर सिंकमध्ये फिरत नाही, आणि मासे साफ करायला तर खाली बसूनच सोयीचे पडते.

भिंतीचा प्रश्न याहून गंभीर होता. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साईदर्शन ही चार मजली इमारत कोसळून सतरा माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होते आणि त्यात इमारतीच्या आधारालाच धक्का लावल्याचा आरोप झाला. आम्हा भिवंडीकरांना तर २१ सप्टेंबर २०२० ची पहाट विसरता येणार नाही; पटेल कंपाउंडमधली जिलानी ही जीर्ण इमारत झोपलेल्या कुटुंबांसह खाली आली आणि सुमारे चाळीस जीव गेले. तिची कारणे वेगळी होती, हे मान्य. पण ज्या शहराने ते ढिगारे पाहिले तेथे, माझ्या हॉलमधून स्वयंपाकघर दिसावे एवढ्यासाठी, माझ्या डोक्यावर तीन आणि पायाखाली एक कुटुंब राहत असता, कोणती भिंत काय तोलून धरते याचा दाखला न घेता मी हातोडा उचलू देणे, हे मला कायद्याच्या आधी माणुसकीलाच सोडून वाटते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन पाहिले. भिंत राहणार आहे.

आणि तो शुभ्र दगड. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिकाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर असू शकते. तो कोरडा कापताना उडणारी अतिसूक्ष्म धूळ कारागिराच्या फुप्फुसात कायमची रुतून बसते आणि सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावर व पुरवठ्यावर बंदी घातली. आमच्या इमारतीच्या जिन्यात नाकाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवणारा मुलगा मी कित्येकदा पाहिला आहे, आणि दार लावून घेतले आहे. आता ते दार लावणे मला आठवते. आमचा जुना ओटा कडप्प्याचा, म्हणजे काळ्या चुनखडीच्या फरशीचा आहे, आणि बावीस वर्षे हळद, तेल, लिंबू सोसून तो अजून अभंग आहे. तो काढून, उंची बदलून, पुन्हा बसवावा असे ठरले. जे कापावे लागेल ते पाणी सोडून, मोकळ्यावर, आणि कापणाऱ्याच्या तोंडावर चांगला मास्क असल्याखेरीज नाही, ही अट कंत्राटदाराशी बोलून लेखी घेतली आहे. जुनाच दगड पुन्हा वापरल्यामुळे राबिटही कमी निघेल. जे निघेल ते रात्रीच्या टेम्पोतून कामवारी नदीच्या काठी किंवा खाडीच्या कांदळवनात जाऊ नये, याची जबाबदारी २०१६ च्या केंद्रीय नियमांनी राबिट निर्माण करणाऱ्यावर टाकली होती, आणि ती मी माझीच मानतो.

मुलाची थोडी निराशा झाली, हे मी नाकारत नाही. आपल्या पहिल्या पगारातून आईला काही नवे द्यावे ही त्याची इच्छा खरी होती, आणि आमच्या भोवतालच्या गोदामांतून दिवसरात्र जे सामान देशभर जाते ते पाहत वाढलेल्या मुलाला नवेपणाची ओढ असणे स्वाभाविक आहे. त्याला चिमणीचा खर्च सोपवला. ती मात्र हवीच. फोडणीचा धूर बाईच्याच छातीत जातो, आणि तेथे काटकसर करण्याचा अधिकार मला नाही.

परवा गवंडी आला. पत्नी अनवाणी भिंतीशी उभी राहिली, कोपर दुमडला, आणि त्याखाली पाच इंच सोडून त्याने पेन्सिलीने रेघ ओढली: जमिनीपासून एकतीस इंच. मग तिने भांडी घासणाऱ्या बाईंना हाक मारली, सिंकच्या जागी उभे केले, आणि म्हणाली, “इथली रेघ यांच्या मापानं काढा.” त्या संकोचल्या, आयुष्यात इतक्या घरी कामे केली, पण असे कुणी उभे केले नव्हते, म्हणाल्या. गवंड्याने दुसरी रेघ ओढली, पहिलीहून तीन इंच वर. काम गणपतीनंतर सुरू होईल; तोवर त्या दोन रेघा भिंतीवर आहेत, आणि भिंत पुसताना पत्नी त्यांच्यापाशी फडके उचलून घेते.