पुढची पायरी दिसते का?

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" हा प्रश्न मुलाखतीत विचारायची आता पद्धतच पडली आहे. पुण्या-मुंबईच्या गार कार्यालयांत तो खपून जातो. बुटीबोरीत तो विचारला जातो तेव्हा समोर बसलेल्या पोराच्या खिशात बहुधा ठेकेदाराचा गेटपास असतो आणि त्यावर मुदत लिहिलेली असते, काही महिन्यांची. पोरगं पाठ केलेलं उत्तर देतं, "कंपनीसोबत ग्रो व्हायचं आहे, सर." साहेब मान डोलावतात, पुढचा उमेदवार आत येतो.

नागपूरहून वर्धा रोडने निघून मिहान मागे टाकलं की तासाभराच्या आत बुटीबोरी येतं. क्षेत्रफळाने आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत तिचं नाव घेतात. इंडोरामाचा पॉलिएस्टर धागा, सीएटचे टायर, केईसीचे विजेचे मनोरे इथे तयार होतात. शिफ्ट सुटायच्या वेळी चौकात उभं राहावं. तर्री-पोह्याच्या गाडीभोवती निळ्या-राखाडी शर्टांची गर्दी असते. पाठीला डब्याची बॅग, एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर कोणी सुटाबुटातला माणूस ओरडून सांगत असतो की पहाटे चारला उठा, जग जिंका. ऐकणारा रात्रपाळी करून आलेला असतो, पहाटे चारला तो मशीनवरच होता. शेजारच्या खांबावर कागद चिकटवलेला असतो: पाहिजेत, हेल्पर, पॅकिंग, आयटीआय फिटर, राहण्याची सोय, ओटी मिळेल. त्या कागदावर पगार असतो, पाळी असते, फोन नंबर असतो. हेल्पर म्हणून लागलेल्या माणसाचं पुढे काय होतं, एवढंच नसतं.

माझं म्हणणं या न लिहिलेल्या ओळीबद्दल आहे. उमेद टिकवणं हा स्वभावाचा गुण आहे, ज्याच्यात जिद्द असते तो पुढे जातो, असं आपण धरून चालतो. मग व्याख्यानं ठेवतो, भिंतीवर पोस्टर लावतो. मला वाटतं, उमेद ही बहुतांशी दिसण्याची बाब आहे. पुढची पायरी डोळ्यांना दिसत असेल तर साधा माणूसही चढतो. ती दिसत नसेल तर जिद्दीचा माणूससुद्धा दोन वर्षांत "काय करून राहिलो आपण?" असं विचारत बसतो, आणि त्यात त्याचं काहीही चुकत नाही.

हार्वर्डच्या तेरेसा अमाबिले यांनी सात कंपन्यांतल्या २३८ माणसांकडून रोजच्या रोज डायऱ्या लिहून घेतल्या. सुमारे १२,००० नोंदी जमल्या. कामाचा चांगला दिवस कशाने चांगला जातो, हे त्यातून शोधायचं होतं. उत्तर निघालं: आज काम थोडं पुढे सरकलं, या जाणिवेने. मग निरनिराळ्या कंपन्यांतल्या व्यवस्थापकांना विचारलं की माणसाला कशाने हुरूप येतो. समोर ठेवलेल्या पाच कारणांपैकी हे कारण त्यांनी सगळ्यात खाली टाकलं. डायऱ्या लिहिणारी माणसं सुशिक्षित, कल्पक कामं करणारी होती, पॅकिंगच्या लाइनवरची नव्हती, हे खरं. पण लाइनवर तर काम पुढे सरकल्याचं दिसणं आणखी अवघड आहे. काल हजार खोकी बांधली, आज हजार, उद्याही हजारच. तिथे प्रगती दिसायची तर ती खोक्यांत दिसणार नाही, माणसाच्या हुद्द्यात आणि हुन्नरातच दिसायला हवी.

नागपूरला हे दीडशे वर्षांपूर्वी एकदा उमगलं होतं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, म्हणून त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं. मिल उभी राहिली, पण कामगार रोज येईनात. शेतीचे दिवस आले, लग्नसराई आली की साचे ओस. त्या काळचा सरळ उपाय दंड करायचा होता. टाटांनी दुसरी वाट धरली. भविष्यनिर्वाह निधी सुरू केला, अपघाताची भरपाई सुरू केली, चांगल्या कामगारांना जाहीर समारंभात बक्षिसं दिली, पदवीधरांना उमेदवारीवर घेऊन कारखान्यात तयार केलं. हे सगळं धर्मादाय नव्हतं, हिशेब होता. आज आलो तर दहा वर्षांनी हातात काय असेल, हे कामगाराला दिसू लागलं की तो येतो. पुढे ती मिल सरकारी महामंडळाकडे गेली, बंद पडली, तिथे आता मॉल आहे. पण नागपुरात अजूनही "आमचे आजोबा एम्प्रेसमध्ये होते" हे वाक्य ताठ मानेने ऐकू येतं. "माझा बाप अमुक ठेकेदाराकडे होता" असं म्हणणारा नातू मला तरी अजून भेटायचा आहे.

मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई मूळचे मुंबईचे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधात एक मुद्दा आहे, तो मला बुटीबोरीत वारंवार पटतो. आकांक्षा बाळगणं ही एक क्षमता आहे आणि समाजात ती सारखी वाटली गेलेली नाही, असं ते म्हणतात. गरिबाची स्वप्नं लहान असतात, असा याचा अर्थ नाही. स्वप्नापासून आजच्या कामापर्यंतचे मधले टप्पे त्याला कमी माहीत असतात, कारण त्या रस्त्याने चालून बघायची संधी त्याला आणि त्याच्या माणसांना कमी मिळालेली असते. नागपूरच्या धरमपेठेतल्या डॉक्टरच्या मुलीला प्रवेश परीक्षा कोणती, क्लास कुठला, फॉर्म कधी, हे घरातच कळतं. बुटीबोरीजवळच्या टाकळघाटच्या पोराला इंजिनिअर व्हायचं असतं, पण मधलं काहीच कोणी सांगत नाही. "भाऊ, स्वप्नं तं लय आहेत, पण आता पुढं काय करावं, थे कोनी सांगतच नाही." हे गाऱ्हाणं इतक्या तोंडून ऐकलं आहे की ते कोणा एकाचं राहिलेलं नाही.

म्हणून आता एक जिना जवळून बघू. धागा, कापड, टायर, जिथे वाफ लागते तिथे बॉयलर आला. टायर साच्यात शिजवतात तो या वाफेवरच. कायदा असा आहे की प्रमाणपत्र असलेला माणूस देखरेखीला असल्याशिवाय बॉयलर चालवता येत नाही. याचा अर्थ, हे प्रमाणपत्र हातात असलेल्याची गरज कंपनीला मनातून नसली तरी कायद्याने असते. बॉयलर हाउसमध्ये कोळसा किंवा भुशाच्या विटा ओढणारा हेल्पर तिथे ठरावीक काळ काम करून, त्याचा दाखला घेऊन द्वितीय श्रेणीच्या परीक्षेला बसू शकतो. पोरं तिला "बॉयलरचं सेकंड क्लास" म्हणतात. त्यानंतर फर्स्ट क्लास. त्याच्यावर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर, पण त्याला पदविका किंवा पदवी लागते.

या परीक्षेतला एक नेहमीचा प्रश्न सांगतो. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी काच असते. परीक्षक विचारतो, काचेत पाणी दिसेनासं झालं, काय कराल? नवखा घाईने म्हणतो, पंप चालू करून पाणी भरीन. नापास. आधी आग बंद करायची. तापून लाल झालेल्या पत्र्यावर थंड पाणी सोडलं तर एका क्षणात इतकी वाफ होईल की बॉयलरच फुटेल. हे पुस्तकातही आहे, पण ज्याने पाळीत शंभरदा त्या काचेकडे बघितलं आहे, त्याला उत्तर पाठ करावं लागत नाही. कामातून शिकण्याची ही गोष्ट नवी नाही. बुटीबोरीवरून वर्धा रोडने पुढे गेलं की वर्धा येतं, तिथे ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नई तालीम मांडली. हाताच्या कामातून ज्ञान, हे तेव्हा बऱ्याच शिकलेल्या मंडळींना भाबडं वाटलं होतं. या बॉयलरवाल्या पोराचा अभ्यास त्याहून फार वेगळा नाही, फरक इतकाच की तो सूत कातत नाही.

या जिन्याचे मला तीन गुण दिसतात. पुढची पायरी ठाऊक आहे, ती चढायला रोजचंच काम उपयोगी पडतं आणि मिळालेला कागद ठेकेदार बदलला तरी आपल्याजवळ राहतो. तिसरा गुण सगळ्यात मोलाचा. बुटीबोरीत ठेकेदार बदलतात, कंपन्याही बुडतात. रिलायन्सने उभारलेला ६०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प कोळसा, वीजदर आणि कर्ज यांच्या गुंत्यात २०१९ मध्ये थांबला आणि वर्षानुवर्षं तसाच उभा राहिला. तिथल्या ऑपरेटरने कितीही दिशा ठरवली असती तरी तो गुंता त्याच्या हातचा नव्हता. हाती कागद असलेला दुसरीकडे गेला, नुसता अनुभव असलेला पुन्हा हेल्परच्या रांगेत लागला.

इलेक्ट्रिशियनला वायरमनचा परवाना आणि पुढे सुपरवायझरचा परवाना, हाही असाच जिना. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं आणि पदविकेवरून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. हे माहीत नसल्यामुळे आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, असं मानणारे आईबाप आजही आहेत. दहावी-बारावीवर अडकलेल्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि पाळीची नोकरी सांभाळून तिथून पदवी घेता येते. पण एक सावधगिरी. नुसती बीए घेऊन प्रॉडक्शन लाइनवर बढती मिळत नाही. एमपीएससीसाठी ती लागते, ठीक आहे. कारखान्यात वर जायचं असेल तर कारखाना ज्या कागदाला किंमत देतो तोच कागद हवा.

इथे ध्येयाबद्दल एक बारकावा आहे. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी आयुष्यभर ध्येयांवर संशोधन केलं. नेमकं आणि थोडं अवघड ध्येय माणसाला हलवतं, "जमेल तेवढं करा" हे हलवत नाही, हा त्यांचा प्रसिद्ध निष्कर्ष. कमी सांगितला जाणारा भाग असा की काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल तर फळाचं ध्येय उलटतं, शिकण्याचं ध्येय चालतं. "सहा महिन्यांत ऑपरेटर होणार" हे नव्या हेल्परचं ध्येय त्याला निराश करील, कारण ते त्याच्या हाती नाही. "सहा महिन्यांत या मशीनचे चारही बिघाड ओळखता येतील आणि सेटिंग करणाऱ्या दादाच्या हाताखाली दोनदा सेटिंग करीन" हे त्याच्या हाती आहे. दादा शिकवतोच असं नाही. हुन्नर दिला की आपली गरज संपेल, ही भीती त्यालाही असते, आणि ठेकेदारीच्या काळात ती खोटी नाही.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. मुदत सहा महिने, ती नंतर अकरा झाली. पैसे वाईट नव्हते, कामाची ओळखही झाली. पण मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न घेऊन हेच प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले. काहींनी त्यांना फुकटे म्हटलं, ते मला पटलं नाही. एक पायरी बांधून दिली आणि वर भिंत ठेवली, तर चढलेला माणूस हाका मारणारच.

म्हणजे सगळं कंपनीच्या आणि सरकारच्या माथी मारून मोकळं व्हायचं का? नाही. आपल्या पीएफचा यूएएन क्रमांक प्रत्येक नव्या ठेकेदाराला तोच द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही. कुठे किती दिवस काम केलं याची सरकारदप्तरी राहणारी तेवढीच ओळ असते. अनुभवाचा दाखला सोडून जाताना मागितला तर मिळत नाही, कामावर असताना गोडीने मागावा. आणि मुलाखतीत एक प्रश्न उमेदवारानेही विचारावा: "तुमच्याकडे हेल्पर म्हणून लागलेला माणूस ऑपरेटर झाला, असं शेवटचं कधी घडलं?" नोकरीची गरज असणाऱ्याला हे विचारणं जड जातं, हे मान्य. निदान गेटवर उभ्या जुन्या कामगाराला तरी विचारावं, तो जास्त खरं सांगेल.

कंपन्यांचं म्हणाल तर त्यांच्यावर एक बंधन आधीच आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. त्याच्या नियमांत २०१९ साली बदल झाला आणि ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं झालं, तेही ठेकेदाराकडची माणसं मोजणीत धरून. उमेदवारी संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी, असं कायदा म्हणत नाही. पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर अशा उमेदवारांना नोकरीत घेण्याबाबतचं स्वतःचं धोरण प्रत्येक मालकाने ठरवायचं आहे. वसाहतीतल्या किती पोरांना या धोरणाची खबर असेल? शिकाऊ म्हणून सही करायच्या आधी ते मागावं. लेखी, आणि मराठीत.