मंगळाचे अपवाद

फलज्योतिषाचे एखादे भाकीत फसले की मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : शास्त्र चुकत नाही, सांगणारा चुकतो. वाक्य नम्र वाटते, कारण त्यात माणसाच्या अपुरेपणाची कबुली आहे आणि शास्त्राची थोरवी राखण्यासाठी सांगणाऱ्याने कमीपणा पत्करल्याचा भाव आहे. परंतु त्याचा अर्थ उलगडत गेले की त्याची निर्दयता जाणवू लागते. भाकीत खरे ठरले तर शास्त्र खरे. खोटे ठरले तर माणूस खोटा. आणि भाकितावर विश्वास ठेवून ठरलेले लग्न मोडले, तर ते भाकीत खरे होते की खोटे हे कळण्याची वाटच बंद होते. ज्या मुलीला पत्रिकेतील मंगळामुळे नकार आला, तिच्यासाठी या वाक्यात कोणतीही जागा नाही.

फलज्योतिष म्हणजे जन्मवेळच्या ग्रहस्थितीवरून माणसाचा स्वभाव, बुद्धी आणि आयुष्यातील घटना सांगण्याची विद्या. ग्रहांच्या गती मोजणारे गणित ज्योतिष ही वेगळी आणि आदरणीय परंपरा आहे. फलज्योतिषावरचे नेहमीचे आक्षेप वाचकाच्या परिचयाचे आहेत : बरोबर आलेली भाकिते लक्षात राहतात व चुकलेली विसरली जातात, मोघम वर्णन कोणालाही आपलेच वाटते, समोरच्याचा चेहरा व कपडे पाहून बरेच काही सांगता येते. हे आक्षेप खरे आहेत, पण विश्वास का बसतो एवढेच ते सांगतात. विश्वासाचा विषय खरा आहे की नाही, याचा निर्णय करायचा तर चाचणीच घ्यावी लागते.

अशी एक चाचणी पुण्यात झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती आखली आणि २००९ साली तिचा वृत्तांत ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पत्रिकेवरून बुद्धिमत्तेचा अंदाज सांगता येतो, हा ज्योतिषांचाच दावा तपासायचा होता. त्यासाठी १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवून त्यांच्या पत्रिका मांडण्यात आल्या, त्या एकत्र मिसळण्यात आल्या आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० पत्रिका देऊन कोणती कोणाची ते ओळखण्यास सांगण्यात आले. नुसते नाणे उडवत गेले तरी ४० पैकी सरासरीने २० उत्तरे बरोबर येतात, आणि योगायोगाने २८ किंवा त्याहून अधिक येण्याची शक्यता शंभरात एक इतकीही नसते. ५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या आणि २७ जणांनी उत्तरे पाठवली. त्यांच्या बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के भरले. एका संस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या आणि तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

येथे विषय संपायला हवा होता, पण तो संपला नाही. अशा चाचण्यांनंतर पुढे केली जाणारी उत्तरे ठरावीक असतात : नमुना लहान होता, मुलाची पत्रिका आईवडिलांच्या पत्रिकांसह पाहायला हवी होती, जन्मवेळेत काही मिनिटांची चूक असू शकते, खरे जाणकार यात उतरलेच नाहीत. ही सारी उत्तरे निकालानंतर येतात, हे त्यांचे लक्षण आहे. आणि या लक्षणावर बोट ठेवताच फलज्योतिषाचा समर्थक एक प्रश्न विचारतो, जो टाळणे योग्य नाही : वैज्ञानिक तरी याहून वेगळे काय करतात?

तो प्रश्न रास्त आहे, हे ग्रहांच्याच इतिहासावरून दिसते. युरेनसचे भ्रमण न्यूटनच्या गणिताशी जुळेना, तेव्हा न्यूटन चुकला असे बहुतेकांनी मानले नाही. पलीकडे एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असला पाहिजे, असे फ्रेंच गणितज्ञ ल व्हेरिए याने गृहीत धरले. म्हणजे त्यानेही सिद्धान्त वाचवण्यासाठी एक अपवाद शोधला. पण त्या अपवादाबरोबर त्याने आकाशातील एक जागा नेमून दिली, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेतील गाले याला त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतील छोटी विसंगती सोडवण्यासाठी ल व्हेरिएने १८५९ मध्ये सूर्याजवळच्या ‘व्हल्कन’ नावाच्या ग्रहाची कल्पना मांडली. ती तितकीच हुशारीची होती आणि ती फसली. तो ग्रह दशकानुदशके शोधूनही मिळाला नाही, आणि अखेर १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्तच बदलून ती विसंगती दूर केली.

सिद्धान्त वाचवण्याचे दोन प्रकार आहेत, आणि या लेखात पुन्हा पुन्हा याच भेदाकडे यावे लागणार आहे. एक दुरुस्ती आणि दुसरी पळवाट. दुरुस्ती सिद्धान्ताला आधीपेक्षा अधिक अडचणीत टाकते, कारण ती नवी तपासण्याजोगी गोष्ट पुढे ठेवते. नेपच्यून त्या जागी नसता तर ल व्हेरिएची फजिती झाली असती, आणि व्हल्कनच्या बाबतीत ती झालीच. पळवाट सिद्धान्ताला अधिक सुरक्षित करते, कारण तिच्यानंतर तपासायचे म्हणून काही उरत नाही. दोन्हींचे बाह्य रूप सारखेच असते, म्हणून समर्थकाचा प्रश्न बिनतोड भासतो.

आता मंगळाकडे पाहावे. महाराष्ट्रातील रूढ नियमाप्रमाणे लग्नकुंडलीत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची ठरते, आणि अशा व्यक्तीचे मंगळ नसलेल्या जोडीदाराशी लग्न झाल्यास त्या जोडीदाराच्या जिवाला धोका मानतात. बारा स्थानांपैकी पाच म्हणजे ढोबळमानाने दर शंभरांत ४२ माणसे मंगळाची. काही परंपरा दुसरे स्थानही धरतात, म्हणजे निम्मी. ज्या समाजांत पत्रिका पाहतच नाहीत, जन्मवेळ नोंदवतच नाहीत, तेथे जोडपी या दृष्टीने अहेतुकपणे जुळतात, आणि साधा हिशेब केला तर अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत, म्हणजे १४४ पैकी ७० जोड्यांत, एकाला मंगळ असतो व दुसऱ्याला नसतो. जगातील बहुसंख्य लग्ने अशीच होतात. सिद्धान्त खरा असता तर निम्म्या संसारांवरचे हे संकट कोणत्याही जनगणनेत उघड्या डोळ्यांना दिसले असते.

परंपरेलाही हा आकडा अडचणीचा वाटला असावा, कारण मंगळाला अपवादांची लांबलचक यादी जोडलेली आहे. मेष, वृश्चिक किंवा मकर राशीतला मंगळ दोषी नाही; गुरूची दृष्टी असली तर दोष नाही; जोडीदाराच्या पत्रिकेत त्याच स्थानी शनी असला तर दोष नाही; वयाची २८ वर्षे उलटली की दोष सौम्य होतो. या अपवादांमुळे पुष्कळ मुलींची लग्ने सुखाने झाली, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांतला एकही अपवाद नेपच्यूनच्या जातीचा नाही. गुरूची दृष्टी असलेल्या व नसलेल्या मंगळाच्या जोडप्यांची तुलना करून हा अपवाद ठरवला गेला नाही, आणि तो चुकीचा निघाला तर काय करायचे हेही कोठे सांगितलेले नाही. अपवाद लावायचा की नाही हे बहुधा दोन्ही घरांना सोयरीक हवी आहे की नको यावर ठरते, आणि नको असेल तेव्हा नकाराचे कारण म्हणून मंगळ तयार असतो.

याच ठिकाणी पंचांगवादाची, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कोठून मानायचा या वादाची, आठवण येते. तो विषय थोडा बाजूचा आहे, पण महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासातील तो एक सुंदर वाद आहे. पृथ्वीचा अक्ष हळूहळू दिशा बदलतो आणि त्यामुळे संपातबिंदू, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो बिंदू, सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. उत्तरायण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होत असूनही मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते ती याच कारणाने. नक्षत्रांवर आधारलेल्या राशिचक्राचा आरंभ संपातबिंदूपासून किती दूर मानायचा, त्या अंतराला अयनांश म्हणतात. चित्रा तारा प्रमाण मानणाऱ्या पक्षाचा अयनांश आज सुमारे २४ अंश आहे. लोकमान्य टिळकांनी ज्याचा पुरस्कार केला त्या रेवती पक्षाचा त्याहून सुमारे चार अंशांनी कमी. शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यासारख्या विद्वानांनी पंचांगशोधनाच्या प्रश्नावर आयुष्याची वर्षे वेचली, आणि वाद दोन्ही बाजूंनी गणिताने, वेधांनी व ग्रंथाधारांनी लढवला गेला.

चार अंश हे अंतर किरकोळ नाही. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे असते, म्हणून दोन पंचांगांप्रमाणे सुमारे दर दहांतील तीन माणसांचे जन्मनक्षत्र बदलते, आणि ३६ गुणांचे गुणमेलन तर जन्मनक्षत्र व जन्मराशी यांवरच चालते. एका पंचांगाने मूळ नक्षत्रावर जन्मलेली आणि म्हणून सासऱ्याला वाईट मानलेली मुलगी दुसऱ्या पंचांगाने पूर्वाषाढा नक्षत्रावर जन्मलेली, निर्दोष असू शकते. मग एक साधा प्रश्न उभा राहतो. नक्षत्रांची फळे खरोखर अनुभवाला येत असतील तर हा वाद मिटवण्याचा सर्वांत सोपा मार्ग फळांचाच होता : दोन्ही पंचांगांनी हजारो माणसांची भाकिते करायची आणि ज्याची अधिक बरोबर येतील ते पंचांग स्वीकारायचे. त्या थोर गणितज्ञांच्या वादात हा मार्ग निर्णायक ठरला नाही. दोन्ही पंचांगांवरून पत्रिका मांडल्या गेल्या, लग्ने जुळली व मोडली, आणि दोन्हीकडच्या ज्योतिषांना आपापला अनुभव सारखाच पटत राहिला. शास्त्राला अनुभवाचा आधार आहे, या म्हणण्याविरुद्ध याहून भक्कम पुरावा पुण्याच्या चाचणीतही नाही.

या टप्प्यावर ज्याच्याशी वाद घातला पाहिजे तो माणूस ज्योतिषी नाही. १९७५ साली अमेरिकेत १८६ वैज्ञानिकांनी, त्यांत १८ नोबेल विजेते, फलज्योतिषाविरुद्ध एक निवेदन काढले, तेव्हा पॉल फायराबेंड या तत्त्वज्ञाने १९७८ च्या आपल्या पुस्तकात त्यांच्यावर टीका केली. त्याचे म्हणणे असे की या वैज्ञानिकांनी विषयाचा अभ्यास केलेला नाही, ते केवळ आपल्या अधिकाराच्या बळावर निषेध करतात, आणि चेटकिणींविरुद्ध लिहिणाऱ्या पंधराव्या शतकातील धर्मपंडितांनी निदान आपला विषय अधिक बारकाईने जाणून घेतला होता. टीका झोंबणारी आहे आणि या भागापुरती ती बरोबर आहे. कार्ल सेगन यांनीही निवेदनाचा सूर हुकूमशाही वाटल्यामुळे त्यावर सही केली नव्हती. नावांची यादी हा पुरावा नव्हे, हे विज्ञानाच्या कैवाऱ्यांना तरी सांगावे लागू नये.

परंतु फायराबेंड पुढे जातो आणि मुक्त समाजात सर्व परंपरांना समान हक्क असावेत, शिक्षणात व सत्तेत समान वाटा असावा, असे मांडतो. येथे त्याचे बोट सुटते. परंपरा निवडण्याचे स्वातंत्र्य ज्याला आहे त्याच्यासाठी हे ठीक आहे. ज्या मुलीची पत्रिका दुसऱ्यांनी मांडली, दुसऱ्यांनी वाचली आणि जिच्यावर दुसऱ्यांनीच निर्णय दिला, तिने कोणती परंपरा निवडली? तिच्या बाबतीत मंगळ ही श्रद्धा नसून तिच्याविरुद्ध वापरलेले विधान आहे, आणि विधान वापरणाऱ्याकडे पुरावा मागण्याचा तिला हक्क आहे. समान हक्काची भाषा तिचा हा हक्कच काढून घेते.

तरीही फायराबेंडच्या टीकेचा खरा अर्धा भाग पाठ सोडत नाही, आणि तो पुण्याच्या त्या २७ जणांकडे परत नेतो. विज्ञानाचा आव आणून विज्ञानाची कसोटी टाळणाऱ्या विद्येला छद्मविज्ञान म्हणतात, आणि फलज्योतिष हे त्याचे ठरलेले उदाहरण मानले जाते. कार्ल पॉपर याने तर ज्याला खोटे ठरवता येत नाही असा सिद्धान्त वैज्ञानिक नव्हे, असा निकषच दिला. पण पुण्यात फलज्योतिषाला खोटे ठरवता आले. ४० पत्रिका घेऊन, उत्तरे लिहून, ती मोजायला पाठवणाऱ्या त्या २७ जणांनी आपला दावा धोक्यात घातला, म्हणजे जे काम ल व्हेरिएने केले तेच केले. फक्त आकाशात त्यांच्या ग्रहाच्या जागी काही सापडले नाही. त्यांच्या हातून झाले ते विज्ञान होते, चुकीचे ठरलेले विज्ञान. छद्म काही असेल तर ते निकालानंतर पुढे करायच्या सबबींत आणि उत्तरे न पाठवता दूर राहण्यात आहे. हे मान्य केले की छद्मविज्ञान हा विषयाला लावायचा शिक्का राहत नाही; तो वागणुकीला लागू होतो, आणि मग विज्ञानाच्या बाजूने बोलणारेही त्याच मापाने मोजले जातात.

त्यातून एक निष्कर्ष निघतो, आणि तो विवेकवादी वाचकाला आवडणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा पुष्पमित्र भार्गव यांच्यासारखे वैज्ञानिक न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. त्या अभ्यासक्रमांना झालेला विरोध योग्यच होता, कारण तेथे विद्या तपासल्याशिवाय शिकवली जाणार होती. पण विषय विद्यापीठाच्या दारातच नको, हे म्हणणे या विवेचनातून टिकत नाही. दार उघडावे, मात्र आत आधी तपासणी असावी आणि मग, काही उरले तर, शिकवणे. यावर आक्षेप येईल की ज्याचा निकाल ठाऊक आहे त्यावर सरकारी पैसा का खर्चावा आणि या विद्येला प्रतिष्ठा का द्यावी. प्रतिष्ठा तिला आजही आहे, आणि तिचा खर्च आज मोडलेल्या सोयरिकी भरून देत आहेत.

पहिले काम मंगळाचे असावे. प्रसूतिगृहांत जन्मवेळा नोंदलेल्या असतात, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी सरकारकडे असतात, आणि पत्रिका न पाहता लग्न केलेली असंख्य जोडपी महाराष्ट्रात सर्व धर्मांत व जातींत आहेत. त्यांच्या संमतीने या नोंदी नावे काढून एकत्र करता येतील आणि मंगळ व वैधव्य यांचा संबंध थेट मोजता येईल. कोणता अयनांश घ्यायचा, कोणती स्थाने दोषी मानायची, कोणते अपवाद लावायचे, हे सारे ज्योतिषांनीच ठरवावे, कारण दावा त्यांचा आहे. अट इतकीच की ती यादी मोजणीच्या आधी लिहून, सह्या करून, बंद लखोट्यात ठेवली जावी आणि निकाल जाहीर झाल्यानंतर तीत नवा अपवाद घालता येऊ नये.